४९९ टन, १२ पाहुणे आणि बर्मी सागवान: आलिशान यॉट ‘आपल्या पसंतीची’ करताना नक्की काय काय बदलता येतं?

इन्स्टाग्रामवर एखाद्या अब्जाधीशाच्या यॉटचा व्हिडिओ समोर आला की खालच्या कमेंट ठरलेल्या असतात. संगमरवरी बाथरूम, काचेच्या भिंती, पाण्याला टेकलेला ‘बीच क्लब’ आणि वर हेलिपॅड. मग कोणीतरी लिहितं, ‘पैसा असला की काय पाहिजे ते बनवून मिळतं.’

हे अर्धंच खरं आहे. यॉट म्हणजे मालकाच्या हौसेप्रमाणे सजवलेला बंगला, असं आपल्याला वाटतं. पण हा बंगला पाण्यावर तरंगायला हवा, लाटांत सरळ राहायला हवा, आग लागली तर माणसं बाहेर पडायला हवीत आणि त्यात वापरलेलं लाकूड कुठून आलं याचा कागदही दाखवता यायला हवा. त्यामुळे कोट्यवधी रुपये मोजणाऱ्या मालकालाही अनेकदा ‘हे जमणार नाही’ ऐकून घ्यावं लागतं.

मग नवी मोटर यॉट घेताना नेमकं काय बदलता येतं, काय नाही आणि का? एकेक करून समजून घेऊ.

आधी तीन प्रकार लक्षात घ्या

कपडे घेताना जसे तीन पर्याय असतात, तसेच इथेही आहेत.

पहिला प्रकार ‘प्रॉडक्शन’ यॉट. म्हणजे रेडिमेड शर्ट. कंपनीचं मॉडेल ठरलेलं असतं. फायबरग्लासचा साचा तयार असतो, त्यातून एकामागून एक सांगाडे निघतात. इथे मालक सोफ्याचं कापड, लाकडाचा रंग, फरशी अशा गोष्टी कंपनीच्या कॅटलॉगमधून निवडतो.

दुसरा ‘सेमी-कस्टम’. रेडिमेड शर्ट घ्यायचा, पण शिंप्याकडून बाह्या आणि कॉलर बदलून घ्यायची. तळाचा सांगाडा, इंजिन रूम, टाक्या आणि मुख्य आडव्या भिंती जिथल्या तिथे राहतात. त्यांच्या मधल्या जागेत बदल करता येतात. चार केबिन हव्यात की पाच, मालकाची खोली खालच्या डेकवर की मुख्य डेकवर, स्वयंपाकघर उघडं की बंद, हे इथे ठरतं.

तिसरा ‘फुल-कस्टम’. कापड घेऊन माप देऊन शिवलेला सूट. कोऱ्या कागदापासून सुरुवात. नेदरलँड्समधली फेडशिप किंवा जर्मनीतली ल्युर्सेन यांसारख्या कंपन्या अशा कामासाठी ओळखल्या जातात. मोठ्या कस्टम यॉटला करार ते ताबा असा प्रवास करायला तीन-चार वर्षं सहज लागतात.

सांगाडा कशाचा, हेही आकारावर ठरतं. लहान यॉट बहुतेक फायबरग्लासच्या असतात. मोठ्या यॉटमध्ये खालचा सांगाडा पोलादाचा आणि वरचे मजले अ‍ॅल्युमिनियमचे, ही जोडी सर्रास दिसते. कारण साधं आहे. एक घनमीटर पोलादाचं वजन साधारण ७,८५० किलो, तर तेवढ्याच अ‍ॅल्युमिनियमचं २,७०० किलो. जड भाग खाली, हलका भाग वर.

सगळं सुरू होतं एका नकाशापासून

घर बांधताना जसा प्लॅन, तसा यॉटचा ‘जनरल अरेंजमेंट’, म्हणजे ‘जीए’. प्रत्येक मजल्यावर कुठली खोली कुठे, जिने कुठे, इंजिन कुठे, हे त्यात असतं.

या नकाशात एक हुशारीचा बदल काय करू शकतो याचं गाजलेलं उदाहरण म्हणजे इटलीच्या सॅनलोरेन्झो कंपनीची २०१८ मधली एसएल १०२ असिमेट्रिक ही यॉट. साधारणपणे यॉटच्या मुख्य मजल्यावर दोन्ही बाजूंनी चालायला अरुंद पट्टा असतो. बीएमडब्ल्यूचे माजी डिझाइन प्रमुख क्रिस बँगल यांच्या कल्पनेतून कंपनीने यातला एका बाजूचा पट्टा मुख्य मजल्यावरून काढून वर छतावर नेला. त्यामुळे आतला हॉल त्या बाजूला थेट यॉटच्या कडेपर्यंत रुंद झाला. यॉट तेवढीच, पण राहायची जागा वाढली.

मात्र नकाशावरची प्रत्येक रेघ अशी सहज हलत नाही. यॉटला आडव्या जलरोधक भिंती असतात. एका भागात पाणी शिरलं तर ते दुसऱ्या भागात जाऊ नये म्हणून त्या बांधलेल्या असतात. ‘ही भिंत काढून दोन खोल्या एक करा’ हे फ्लॅटमध्ये चालून जातं, इथे ती भिंत बुडण्यापासून वाचवणारी असू शकते.

बीच क्लबचंही तसंच. मागचा भाग उघडून पाण्यालगत बसायची जागा करायची म्हणजे सांगाड्याला मोठं भोक पाडायचं. मग त्याभोवती मजबुती वाढवा, जलरोधक दार बसवा, ते उघडंबंद करायला हायड्रॉलिक यंत्रणा लावा. व्हिडिओत दिसते ती फक्त खुर्ची आणि सरबताचा ग्लास.

४९९ या आकड्याची गंमत

यॉटच्या जाहिराती वाचल्या तर एक आकडा पुन्हा पुन्हा दिसतो: ४९९ ग्रॉस टन. हा योगायोग नाही.

नावात ‘टन’ असलं तरी ग्रॉस टनेज हे वजन नाही. जहाजातली बंदिस्त जागा किती, याचं ते माप आहे. १९६९ च्या आंतरराष्ट्रीय करारातल्या सूत्राने ते काढतात. ५०० चा आकडा गाठला की आगीपासून संरक्षण, यंत्रसामग्री, कर्मचारी आणि कागदपत्रं यांचे बरेच कडक नियम लागू होतात. म्हणून कंपन्या मुद्दाम ४९९ वर थांबतात.

आता समजा मालक म्हणाला, ‘वरच्या मोकळ्या डेकला काचा लावून बंद खोली करा.’ मोकळी जागा बंदिस्त झाली, टनेज वाढलं आणि ४९९ ची यॉट ५०० च्या पुढे गेली. एका खोलीच्या हट्टापायी सगळ्या यॉटची नियमावली बदलते.

असाच दुसरा आकडा १२ चा. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार १२ पेक्षा जास्त प्रवासी घेतले की ते ‘प्रवासी जहाज’ ठरतं आणि त्याचे नियम फार कडक आहेत. म्हणूनच बऱ्याच मोठ्या भाड्याच्या यॉटवर पाहुण्यांच्या सहा खोल्या असतात. सहा दुणे बारा.

तिसरा आकडा २४ मीटरचा. युरोपात २.५ ते २४ मीटर लांबीच्या बोटींना मनोरंजनाच्या बोटींचे नियम लागतात. त्यापुढच्या आणि भाड्याने दिल्या जाणाऱ्या यॉटसाठी मोठ्या यॉटची वेगळी नियमावली असते. ‘सुपरयॉट’ हा शब्दही साधारण इथूनच वापरायला सुरुवात होते.

संगमरवर हवा? मग तो पातळ करावा लागेल

बाथरूममध्ये इटालियन मार्बल ही यॉटमालकांची नेहमीची मागणी. गणित करून बघा. २० मिलिमीटर जाडीच्या एक चौरस मीटर संगमरवराचं वजन साधारण ५४ किलो. सगळ्या बाथरूम आणि फरश्या मिळून १०० चौरस मीटर धरलं तर ५ टनांहून जास्त. म्हणजे चार-पाच मोटारगाड्या कायमच्या यॉटवर ठेवल्यासारखं.

वजन वाढलं की वेग कमी होतो आणि डिझेल जास्त लागतं. पण त्याहून महत्त्वाचा प्रश्न असतो की हे वजन किती उंचीवर आहे. वरच्या मजल्यावर जड दगड ठेवला की गुरुत्वमध्य वर सरकतो आणि यॉट कलल्यावर सरळ यायची तिची ताकद कमी होते.

यावर उपाय असा की दगडाचा सुमारे ५ मिलिमीटरचा पातळ काप काढतात आणि तो मधमाशीच्या पोळ्यासारखी रचना असलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या हलक्या पत्र्यावर चिकटवतात. दिसायला तोच मार्बल, पण दगडाचं वजन एक चतुर्थांश. लाकडाचंही तेच. भरीव दिसणारी भिंत प्रत्यक्षात हलक्या पॅनेलवर चिकटवलेला व्हिनियरचा पातळ थर असते.

मालकाच्या हौसेपुढे तोल हरला की काय होतं, याचा धडा चारशे वर्षं जुना आहे. स्वीडनचा राजा गुस्ताव अडॉल्फ याने ‘वासा’ ही युद्धनौका बांधून घेतली. दोन मजल्यांवर जड तोफा, भरपूर कोरीवकाम. निघण्याआधी ३० खलाशांना डेकवर या बाजूकडून त्या बाजूला पळवून चाचणी घेतली, तर जहाज इतकं डोलायला लागलं की चाचणी मध्येच थांबवावी लागली. तरीही राजाची घाई होती. १० ऑगस्ट १६२८ रोजी पहिल्याच प्रवासात साधारण १,३०० मीटर जाऊन वासा स्टॉकहोमच्या बंदरातच बुडालं. १९६१ मध्ये ते वर काढलं गेलं आणि आज तिथल्या संग्रहालयात उभं आहे.

आज असं होऊ नये म्हणून यॉट पाण्यात उतरल्यावर तिची कल चाचणी घेतात. ठरावीक वजनं एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला हलवायची, यॉट किती कलते ते मोजायचं आणि त्यावरून गुरुत्वमध्य काढायचा. बांधकाम चालू असतानाही जहाजावर चढणाऱ्या प्रत्येक वस्तूच्या वजनाचा हिशोब ठेवला जातो. पियानोपासून पितळी नळापर्यंत.

एक खिडकी मोठी केली तर?

खिडकीचं उदाहरण घेऊ. मालकाला जमिनीपासून छतापर्यंत काच हवी. लाटांचा मारा सहन करायचा म्हणून ती जाड हवी, म्हणजे वजन वाढलं. काचेतून ऊन आत येणार, म्हणून एसी मोठा हवा. एसीला वीज लागते, म्हणून जनरेटर मोठा. जनरेटरला डिझेल लागतं, म्हणून टाकी मोठी. टाकी मोठी झाली की दुसऱ्या कशाची तरी जागा गेली.

यॉटमध्ये कुठलाच बदल एकटा येत नाही, तो असा सगळा गोतावळा घेऊन येतो.

आतल्या कापडांचंही तसंच. घरात पडदा आवडला की घेतला. मोठ्या यॉटवर पडदे, फोम, भिंतीवरचं आवरण यांना आगीच्या चाचण्या पास कराव्या लागतात. वर खारी हवा, कडक ऊन आणि इंजिनची थरथर. साधं स्टील गंजतं. स्टेनलेस स्टील आणि अ‍ॅल्युमिनियम खाऱ्या पाण्यात एकमेकांना थेट टेकले तर अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं, म्हणून दोघांमध्ये अस्तर द्यावं लागतं. ड्रॉवर आपोआप उघडू नयेत म्हणून त्यांना कळ लावतात. झुंबर लटकवायचं असेल तर ते हलणार नाही असं बांधतात.

नकाशात न दिसणारी माणसं

साधारण ५० मीटरच्या यॉटवर १२ पाहुण्यांसाठी आठ-दहा जणांचा क्रू असतो. कॅप्टन, इंजिनिअर, शेफ, खलाशी, साफसफाई आणि सेवा करणारे कर्मचारी. ही माणसं सुट्टीला आलेली नसतात, महिनोन्महिने तिथेच राहतात. त्यांच्या खोल्या बहुतेक वेळा पुढच्या टोकाला, खालच्या डेकवर असतात. लाटांचा हिसका तिथे जास्त बसतो.

मालकाला जिम मोठी हवी असली, की पहिली नजर जाते ती क्रूच्या जागेवर, नाहीतर कपडे धुण्याच्या खोलीवर. पण २००६ मध्ये झालेला आणि २० ऑगस्ट २०१३ पासून लागू असलेला सागरी कामगार करार इथे आडवा येतो. भाड्याने चालणाऱ्या यॉटवर कर्मचाऱ्यांच्या खोल्या, शौचालयं, जेवणाची जागा, विश्रांतीचे तास याबद्दल किमान मर्यादा पाळाव्या लागतात.

यात मालकाचाही फायदा असतो. सहा खोल्यांच्या चादरी-टॉवेल रोज धुवायचे, १२ जणांचा तीन वेळचा स्वयंपाक करायचा, आठवडाभराचा भाजीपाला थंड ठेवायचा, यासाठी जागा लागतेच. अनुभवी डिझायनर आधी विचारतात, ‘जेवणाचं ताट स्वयंपाकघरातून टेबलापर्यंत कुठल्या वाटेने जाणार?’ ती वाट पाहुण्यांच्या हॉलमधून जात असेल, तर नकाशा चुकला.

बदल कधीपर्यंत सांगता येतात?

सुरुवातीला काहीही बदला, पेन्सिलची रेघच असते. मोठ्या कस्टम कामात तर खोल्यांचे प्लायवूडचे खऱ्या मापाचे नमुने उभे करतात. मालक त्यात फिरतो, पलंगावर झोपून बघतो, छत डोक्याला लागतं का तपासतो.

पण करारात प्रत्येक गोष्टीची शेवटची तारीख ठरलेली असते. आधी सांगाडा आणि खिडक्या, मग भिंती, शेवटी कापडं आणि दिवे. ती तारीख उलटून गेल्यावर बदल सांगितला तर त्याची वेगळी लेखी ऑर्डर निघते. त्यात दोन गोष्टी लिहिलेल्या असतात: किती पैसे वाढणार आणि ताबा किती दिवस पुढे जाणार. भिंतीच्या आतून केबल आणि पाइप गेल्यावर ती भिंत एक फूट सरकवणं म्हणजे काय, हे फ्लॅटचं काम काढलेल्या कोणालाही वेगळं सांगायला नको.

म्हणून मालक आपला एक प्रतिनिधी नेमतात. तो कारखान्यात राहून काम तपासतो. शिवाय लॉइड्स रजिस्टर, रिना, डीएनव्ही यांसारख्या वर्गीकरण संस्थांचे तपासनीस नियमांप्रमाणे काम होतंय का हे बघतात. आणखी एक सावध सल्ला नेहमी दिला जातो: फार विचित्र बदल करू नका. उद्या यॉट विकायला काढली तर पुढच्या माणसाला ती आवडली पाहिजे.

आणि आता सगळ्यात वादाची गोष्ट: सागवान

यॉटचा डेक म्हटलं की सोनेरी-तपकिरी सागवान डोळ्यांसमोर येतं. यामागे नुसती हौस नाही. सागवानात नैसर्गिक तेल असतं, त्यामुळे ते कुजत नाही, ऊन-पावसात फारसं वाकत नाही आणि ओलं झालं तरी पाय घसरत नाही.

हे आपल्या भागाला जुनं माहीत आहे. इंग्लंडमध्ये ओकचं लाकूड कमी पडू लागलं तेव्हा ब्रिटिश नौदलाने मुंबईत जहाजं बांधून घेतली. वाडिया घराण्याच्या देखरेखीखाली मलबारच्या सागवानातून बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही युद्धनौका १२ ऑक्टोबर १८१७ रोजी मुंबईत पाण्यात उतरली. ती आजही इंग्लंडच्या हार्टलपूल गावात तरंगते आहे.

त्याआधी, अठराव्या शतकाच्या सुरुवातीला, रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त आरमारासाठी लाकूड कसं घ्यावं हे सांगितलेलं आहे. जंगलातलं सागवान परवानगी घेऊन तोडावं आणि रयतेने लेकरासारखी वाढवलेली आंबा-फणसाची झाडं बळजबरीने तोडू नयेत, असा त्याचा आशय. जहाजाचं लाकूड कुठून आणि कोणाच्या संमतीने आलं, हा प्रश्न तेव्हाही विचारला जात होता.

आज तोच प्रश्न म्यानमारबद्दल विचारला जातो. यॉटवाल्यांची पहिली पसंती तिथल्या नैसर्गिक जंगलातल्या जुन्या झाडांना असते. ती हळूहळू वाढलेली असल्याने त्यांचे दोरे घट्ट आणि सरळ असतात, गाठी कमी असतात आणि लांबच लांब फळ्या निघतात. लागवडीतलं सागवान लवकर वाढतं, त्यामुळे ते या तोडीचं मानलं जात नाही.

पण म्यानमारचा लाकूड व्यापार तिथल्या सरकारी महामंडळाच्या हातात आहे. १ फेब्रुवारी २०२१ रोजी लष्कराने सत्ता बळकावली आणि महामंडळही लष्कराच्या ताब्यात गेलं. म्हणजे त्या सागवानाचा पैसा लष्करी राजवटीकडे. त्याच वर्षी अमेरिका, युरोपीय संघ आणि ब्रिटनने या महामंडळावर निर्बंध घातले.

युरोपात त्याआधीपासूनच, मार्च २०१३ पासून, एक कायदा आहे. लाकूड बाजारात पहिल्यांदा आणणाऱ्याने ते कायदेशीर तोडलेलं आहे का, याची तपासणी करायलाच हवी. ब्रिटननेही हा नियम पुढे चालू ठेवला.

याचा फटका नावाजलेल्या कंपन्यांना बसला. ब्रिटनच्या सनसीकर या मोटर यॉट कंपनीने लाकडाची तपासणी नीट न केल्याचा गुन्हा कबूल केला आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये न्यायालयाने दंड, जप्ती आणि खर्च मिळून सुमारे ३ लाख ५८ हजार पौंड भरायला लावले. त्यात म्यानमारच्या सागवानाचाही समावेश होता. २०२४ मध्ये नेदरलँड्समध्ये ओशनको कंपनीने दीड लाख युरो भरून प्रकरण मिटवलं. ती यॉट होती जेफ बेझोस यांची ‘कोरू’, १२७ मीटरची, शिडाची. कारवाई बांधणाऱ्या कंपनीवर होती, मालकावर नाही.

दंडाचे आकडे यॉटच्या किमतीपुढे किरकोळ वाटतील. पण यॉट तयार झाल्यावर डेक उखडून लाकूड बदलणं सोपं नसतं आणि नाव एकदा बातमीत आलं की ते पुसता येत नाही.

मग पर्याय काय?

लागवडीतल्या सागवानाचे पातळ थर चिकटवून केलेल्या फळ्या, उष्णतेची प्रक्रिया केलेली दुसरी लाकडं, कॉर्क आणि सागवानासारखं दिसणारं कृत्रिम डेकिंग असे पर्याय आज बाजारात आहेत. प्रत्येकाची एक तक्रार आहे. कृत्रिम डेक उन्हात तापतो, अनवाणी चालताना चटका बसतो. कॉर्क हलकं आणि थंड, पण दिसायला वेगळं. काही मालकांना पाच वर्षांनी राखाडी पडणारं खरं लाकूडच आवडतं.

निवड शेवटी मालकाचीच. फक्त लाकूड निवडताना नमुन्याच्या तुकड्यावर हात फिरवून भागत नाही. झाड कुठल्या जंगलातलं, कोणी तोडलं, कोणाला विकलं आणि मधल्या कुठल्या देशातून फिरून आलं, हे सगळे कागद मागावे लागतात. मधल्या एका व्यापाऱ्याचं बिल म्हणजे पुरावा नव्हे, हे वरच्या दोन्ही प्रकरणांमधून दिसतं.

यॉट आपल्यापैकी कितीजण घेतील हा वेगळा विषय. पण भारत म्यानमारच्या सागवानाचा जुना आणि मोठा ग्राहक आहे आणि ‘बर्मा टीक’ म्हणून विकले जाणारे दरवाजे, पलंग आपल्या शहरांतल्या दुकानांतही दिसतात. त्यामुळे पुढच्या वेळी दुकानदार अभिमानाने ‘हे अस्सल बर्मी आहे’ म्हणाला, तर भाव करण्याआधी एकदा विचारून बघा, ‘याचे कागद आहेत का?’